एका वाक्यात दोन सिनेमे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी परळचा. बेस्टमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सिनेमा हे माझं एकमेव व्यसन. आम्ही चार मित्र दर रविवारी सकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर जमतो आणि सिनेमावरून भांडतो. ओरिजिनल मोठा की रीमेक, हा आमचा कायमचा वाद. मी ओरिजिनलवाला. रीमेक म्हणजे उष्टं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मुलाचं लग्न होऊन सात महिने झाले. गेल्या महिन्यात एका शनिवारी तो ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला होता. जेवणं झाल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या आवडीचा एखादा जुना सिनेमा लावा ना." मी 'मेरा साया' लावला. बायको मटार सोलत बसली होती. कोर्टाचा सीन आला. सूनबाई उशी पोटाशी धरून पुढे सरकून बसली होती. मला राहवलं नाही. "अगं, ती कोण आहे सांगू का?" म्हणालो आणि सांगूनच टाकलं. बायकोने कोपर मारलं तोवर उशीर झाला होता. सूनबाई काही बोलली नाही. पाच मिनिटांनी "बाबा, उद्या लवकर उठायचंय" म्हणून आत गेली. तेव्हापासून बोलते, चहा देते, पण मी टीव्ही लावला की मोबाइल घेऊन खोलीत जाते. मुलगा म्हणतो, तुम्ही सस्पेन्स फोडलात, सॉरी म्हणा. साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमात कसला आलाय सस्पेन्स? बाकावरची मंडळी माझ्या बाजूने आहेत. एकाने तर मोबाइलवर संशोधनच पाठवलं, की शेवट माहीत असला की जास्त मजा येते.

हा सिनेमा मला वडिलांनी दाखवला होता, १९७१ साली, लालबागला, मॅटिनीला. त्यांनी त्याआधी त्याचं मराठी ओरिजिनल, 'पाठलाग', पाहिलेला. कोर्टाच्या सीनला मी त्यांचा हात घट्ट धरून विचारलं होतं, "ती खरी आहे का हो?" ते म्हणाले, "बघ." काय दिवस होते ते! ताई, शेवट सांगण्याला काही मुदत असते की नाही? आणि मी सुनेची माफी मागायची का?

एक सिनेमावेडा, परळ

ता. क. बाकावरच्या एका महाभागाने मला 'दृश्यम २'चा शेवट आधीच सांगितला होता. त्याच्याशी मी दोन आठवडे बोललो नव्हतो. पण तो सिनेमा नवीन होता, हे लक्षात घ्यावं.

*

नमस्कार.

माफी मागायची का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. (बघा, मीही शेवट फोडला.) मागायची. आज संध्याकाळीच. आणि मागताना "पण सिनेमा जुना होता गं" हे शेपूट लावायचं नाही.

आता तुमच्याशी भांडते. तुम्हाला भांडायला आवडतं हे दिसतंच आहे.

मुदत दुधाच्या पिशवीवर असते, औषधाच्या पाकिटावर असते. तुम्ही ती 'मेरा साया'वर शोधताय आणि १९६६पासून दिवस मोजताय. सूनबाईंच्या हिशोबाने तो सिनेमा त्या शनिवारी रात्री लागला. फर्स्ट डे, फर्स्ट शो. थिएटरात तीन माणसं, त्यातल्या एका बाईंच्या मांडीवर मटारचं ताट. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२पासून चालू आहे, करोनात थांबलं तेवढंच. प्रयोग संपला की रंगमंचावरून प्रेक्षकांना अजूनही विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर जाऊन सांगू नका. सत्तर वर्षं उलटून गेली. नाटक म्हातारं झालंय, पण रोज रात्री समोरच्या खुर्च्यांवर नवी माणसं येऊन बसतात. ती विनंती त्यांच्यासाठी असते. हिचकॉकने १९६०मध्ये 'सायको' आणला, तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा थिएटरवाल्यांना दंडकच घातला होता. आपल्याकडे हे जमलं नसतं म्हणा. आपल्याकडे माणूस अर्ध्या तासाने टॉर्चच्या उजेडात पाय तुडवत येतो आणि बसता बसता शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, काय काय झालं? आणि तो अनोळखी माणूसही बिचारा सगळं सांगतो.

तुमच्या ता. क.ने मला फार आनंद दिला. 'दृश्यम २' नवीन होता म्हणता. हिंदीत तो २०२२मध्ये आला. मल्याळममध्ये २०२१च्या फेब्रुवारीतच येऊन गेला होता. म्हणजे तुमचा मित्र तुमच्याजवळ बोलला तोवर अख्ख्या केरळाला तो शेवट पाठ होता. केरळच्या हिशोबाने तुमचा सस्पेन्स शिळा, आणि तुमच्या स्वतःच्या हिशोबाने तो सिनेमा उष्टा. तरीही तुम्ही दोन आठवडे अबोला धरलात! बरोबरच केलंत. मीही धरला असता. फक्त सूनबाईंनी महिनाभर टीव्हीपुरता धरला, तर तो तेवढाच बरोबर आहे.

राहता राहिलं ते संशोधन. ते खोटं नाही. २०११ साली अमेरिकेत, सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असा प्रयोग झाला होता. लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना सुरुवात करण्याआधीच शेवट सांगितला, आणि त्यांना कथा सरासरीने थोड्या जास्त आवडल्या. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा उलटे निकालही आले, ते तुमच्या मित्राने पाठवले नसणार. पण ते बाजूला ठेवू. त्या लोकांना शेवट कथा हातात घेण्याआधी सांगितला होता. ऐन कोर्टाच्या सीनला सासऱ्याने टीव्हीसमोर हात नाचवत सांगितला, तर किती मजा येते, हे त्यांनी मोजलेलं नाही.

माझी एक मोठी मावशी होती. रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचायची, मग निवांत पहिल्यापासून. तिला खुनी कोण यापेक्षा लेखक आपल्याला कसा फसवणार होता, यात रस होता. अशी माणसं असतात, आणि ती सुखी असतात. पण ती शेवटचं पान स्वतः उलटत होती. दुसऱ्या कोणी ते पान फाडून तिच्या तोंडासमोर धरलं असतं, तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता.

आता माझंही सांगते. बारा-तेरा वर्षांची असताना दादरला मॅटिनीला 'इत्तेफाक' पाहायला गेले होते. १९६९चा, राजेश खन्ना आणि नंदाचा, एकही गाणं नसलेला. आम्ही गेलो तेव्हा तो पुन्हा लागला होता. बरोबर मावसभाऊ होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याने आधी पाहिलेला. इंटरव्हलमध्ये आम्ही बटाटेवडा घेतला. त्याने वड्याचा घास घेतला, बोटाला लागलेली हिरवी चटणी चाटली आणि अगदी सहज, पाऊस येणार वाटतं, अशा सुरात खुनी कोण ते सांगितलं. मग म्हणाला, "चल, सुरू होईल." आज इतक्या वर्षांनी त्या सिनेमाचा उत्तरार्ध मला आठवत नाही. पाहिलाच नाही म्हणा ना. डोळे पडद्यावर होते, पण मी तास मोजत बसले होते. तो चटणीचा अंगठा मात्र लख्ख आठवतो. भाऊ माणूस म्हणून चांगला आहे, माझ्या अडचणीला धावून आलेला आहे. पण २०१७ला त्याच 'इत्तेफाक'चा रीमेक आला आणि शेवट सांगू नका म्हणून निर्मात्यांनी मोहीम काढली, तेव्हा मी पहिला फोन त्यालाच केला. "या वेळी तोंड बंद ठेव," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "कशाबद्दल बोलतेयस?" त्याला आठवतही नव्हतं! फोडणाऱ्याला आठवत नाही. तुम्हाला निदान आठवतंय, पत्र लिहिण्याइतकं आठवतंय, ही जमेची बाजू.

बाकावरच्या मंडळींना मात्र मी दोष देणार नाही. कट्ट्याचे नियम वेगळे. जुन्या सिनेमांवर भांडायला जो बसला, त्याने शेवट ऐकायची तयारी ठेवावीच. नाहीतर 'शोले'वर बोलणार कसं? त्याला तर दोन शेवट आहेत. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो, असा शेवट चित्रित झाला होता. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरने तो बदलायला लावला. मग ऐन वेळी पोलिस येऊन गब्बरला घेऊन जातात, आणि तोच शेवट आपण पन्नास वर्षं पाहिला. २०२५मध्ये मूळ शेवटासह डागडुजी केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. आता यावर तुमच्या बाकावर दोन रविवार सहज निघतील. तिथे कोणी "अहो, मी अजून शोले पाहिला नाही" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

पण दिवाणखाना म्हणजे बाक नव्हे. तिथे एकच विचारायचं असतं. पाहिलाय का? उत्तर 'नाही' आलं, तर सिनेमा १९१३चा असला तरी गप्प. लोकलमध्ये हेही कोणी विचारत नाही. परवा एका बाईंनी ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत मैत्रिणीला एका वेबसीरिजचे आठ भाग सांगितले. विक्रोळीला पोलिसच खरा गुन्हेगार निघाला. डब्यातल्या निम्म्या बायकांनी कानात हेडफोन खुपसले, उरलेल्या निम्म्या पुढे काय म्हणून सरकून बसल्या.

याच्या उलट एक माणूस मला कायम आठवतो. २०१६च्या मे महिन्यात मी दादरला 'सैराट' पाहिला. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, की बाहेर पडताना जिन्यावर कोणाला बोलणं सुधरत नव्हतं. खाली पुढच्या शोची रांग लागलेली. कॉलेजची पोरंपोरी, टाळ्या, शिट्ट्या. रांगेतल्या एका मुलाने आमच्यापुढच्या एका चाळिशीतल्या माणसाला विचारलं, "काका, कसाय?" त्या माणसाचे डोळे लाल होते. त्याने क्षणभर त्या मुलाकडे पाहिलं. "गाणी मस्त आहेत," म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

आता रीमेक. इथे मात्र तुमचं ओरिजिनलवालं पद मी काढून घेणार आहे.

उष्टं म्हणता. मग आपलं पहिलंच ताट उष्टं आहे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशनला लागला. ती गोष्ट कीर्तनात, पुराणात, नाटकात ऐकून ऐकून प्रेक्षकांची तोंडपाठ होती. शेवटी देव येणार आणि राजाला सगळं परत मिळणार, हे माहीत असूनच लोक गेले. चार वर्षांनी, १९१७ला, फाळक्यांनी स्वतःच तो पुन्हा काढला. १९३२ला प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. विषय? हरिश्चंद्रच. म्हणजे मराठी सिनेमा बोलायला लागला तोच रीमेकमधून, आणि ज्याचा शेवट गावातल्या पोराटोरांना ठाऊक त्या गोष्टीतून.

तुमच्या बाकावर हमखास ज्याचे संवाद म्हटले जात असतील, तो 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा. त्याच्या आधी हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६चा. त्याच्याही आधी १९५५चा एक बंगाली सिनेमा. तिसऱ्या हाताला आलेलं ताट, आणि त्यात वसंत सबनीसांनी असं काही वाढलं, की आज कोणाला आधीची दोन आठवत नाहीत. 'धूमधडाका' हिंदी 'प्यार किये जा'वरून, तो एका तमिळ सिनेमावरून. 'पिंजरा' तर थेट जर्मन, १९३०च्या 'द ब्लू एंजल'वरून. तिथला प्रोफेसर आपल्याकडे गुरुजी झाला, तिथली कॅबरेवाली तमाशात आली, आणि मग कोणाला जर्मनी आठवलं? शांतारामबापूंनी गोष्ट उचलली खरी, पण ती आपल्या मातीत पुरून परत उगवून घेतली.

वाईट रीमेक नाहीत असं कुठे म्हणतेय? ढीगभर आहेत. 'शोले'चा जो झाला, त्याबद्दल बोलून मला तुमची संध्याकाळ घालवायची नाही. पण चांगला रीमेक जुन्या प्रेक्षकाचीही गंमत करतो. २००६चा 'डॉन' घ्या. १९७८चा ज्यांना पाठ होता, ते निवांत बसले होते, पुढे काय होणार ते आम्हाला माहीतच आहे म्हणून. आणि त्यांनाच फसवलं. शेवट माहीत असणं हाच सापळा होता. कसा ते इथे सांगत नाही, तुमच्या घरात कोणी हे सदर वाचत असेल.

आणि आता तुमच्या वडिलांकडे येते.

तुम्ही 'पाठलाग'ला ओरिजिनल म्हणता. १९६४चा, राजा परांजप्यांचा, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. तोही ओरिजिनल नाही. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून आहे. ती वाचलेले काही लोक १९६४लाही थिएटरात बसले असतील, सगळं ठाऊक असूनही. मग दोन वर्षांनी राज खोसलांनी सुनील दत्त आणि साधनाला घेऊन 'मेरा साया' केला. गोष्ट तीच. बायको डोळ्यांदेखत गेली, तिचे अंत्यसंस्कार झाले, आणि मग पोलिस एका बाईला धरून आणतात, हुबेहूब तशीच, जी म्हणते मीच तुमची बायको.

तुम्ही लिहिलंय, वडिलांनी आधी 'पाठलाग' पाहिला होता. हे एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. म्हणजे त्या मॅटिनीला, लालबागच्या त्या अंधारात, तुमच्या शेजारी जो माणूस बसला होता, त्याला पहिल्या रिळापासून सगळं माहीत होतं. ती कोण, ती खरी की खोटी, शेवटी काय. त्याला त्या सिनेमातून नवीन काहीच मिळणार नव्हतं. तिकिटाचे पैसे काढून, सुटीचा दिवस घालवून तो तुम्हाला घेऊन आला होता. तुम्ही त्याचा हात धरून विचारलंत, ती खरी आहे का हो? उत्तर त्याच्या जिभेवर होतं. राहवत नव्हतं त्यालाही, तुमचाच बाप तो. आणि तो म्हणाला, बघ.

तुमच्या वडिलांनी त्या दिवशी नक्की काय पाहिलं असेल, याचा मी दोन दिवस विचार करतेय. साधनाला पाहिलं असेल थोडं. पण बहुतेक वेळ त्यांचं लक्ष आपल्या हातात रुतलेल्या बारा वर्षांच्या पोराच्या बोटांकडे असणार. कधी घट्ट होतात, कधी सैल पडतात. ज्या रीमेकला तुम्ही उष्टं म्हणता, त्याच्यामुळे त्यांना हे मिळालं. 'पाठलाग' ते दुसऱ्यांदा पाहत होते, तुमच्या बोटांमधून.

तुम्हाला ते दिवस आठवतात, त्या दिवसांचे सिनेमे आठवतात. मला वाटतं तुम्हाला तो "बघ" आठवत असतो, फक्त तो वडिलांचा होता हे लक्षात राहिलेलं नाही. त्या शनिवारी तुमच्या घरात तोच खेळ पुन्हा लागला होता. तीच गोष्ट, तोच कोर्टाचा सीन, शेजारी उशी धरून बसलेली नवीन पोरगी. फक्त या वेळी जागा बदलली होती. वडिलांच्या खुर्चीवर तुम्ही होतात.

आणि ती काही साधनाला पाहायला बसली नव्हती. सात महिने झाले त्या घरात येऊन. नवरा गावाला. शनिवारची रात्र, मैत्रिणींबरोबर फोनवर घालवता आली असती. ती म्हणाली, बाबा, तुमच्या आवडीचा लावा. 'माझ्या आवडीचा' नाही. हे सासऱ्याला विचारायला मुलीला किती दिवस मनाची तयारी करावी लागते, ते तुमच्या पत्नींना विचारा. त्यांनी कोपर उगीच नाही मारलं.

तुम्ही दुष्टपणाने सांगितलं नाहीत, हे मला कळतं. बहुतेक लोक दुष्टपणाने सांगत नाहीत. आपल्याला जे माहीत आहे ते तिला अजून माहीत नाही, हे सहन होत नाही. आपण तिच्या पुढे आहोत हे दाखवायचं असतं थोडं. आणि तिला लवकर आपल्या बाजूला ओढून घ्यायचं असतं, की चल, आता आपण दोघं जाणकार. पण ती तुमच्या बाजूला येतच होती, स्वतःच्या पावलांनी. अजून तासाभराचा रस्ता होता.

तर आता काय करायचं.

माफी मी सांगितली. एका वाक्याची. चहाच्या वेळी, पत्नी समोर असताना, मुलगा नसला तरी चालेल. "त्या दिवशी मी सिनेमाची वाट लावली, चूकच झाली." झालं. वडिलांची गोष्ट सांगावीशी वाटली तर सांगा, पण त्याच दिवशी नको, नाहीतर माफीचं भाषण होईल. एखाद्या पावसाळी दुपारी सांगा. सांगताना 'मेरा साया'च्या शेवटाचा पुन्हा उल्लेख नको! तिला माहीत आहे आता. एका वाक्यात तुम्ही दोन सिनेमे फोडलेत, 'पाठलाग'ही त्यातच गेला, आणि 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐकताना अंगावर जो काटा यायला हवा, तोही अर्धा गेला. ते गाणं तिला पुढे कधीतरी नुसतं ऐकवा. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. गाण्याचा शेवट फोडता येत नाही, तिथे तुम्ही सुरक्षित आहात.

मग पुढच्या शनिवारी सिनेमा तिला निवडू दे. तुम्ही न पाहिलेला, तिने पाहिलेला. कुठल्याही भाषेतला, खाली पाट्या वाचत बघायचा असला तरी. तिला शेवट माहीत असणार, तुम्हाला नसणार. अर्ध्यात तुम्ही विचारणार, ती खरी आहे का गं? आणि तिच्या तोंडाकडे बघा त्या वेळी. सांगितलं तर फिट्टंफाट. नाही सांगितलं तर तुमच्या घरात तुमच्या वडिलांची कोणीतरी आहे.

त्यानंतरच्या शनिवारी पाळी तुमची. मी 'ज्वेल थीफ' सुचवेन, विजय आनंदचा, १९६७चा. पण त्याआधी थोडी तालीम करावी लागेल, कारण तोंड बंद ठेवणं हा फोडण्याचा अर्धाच उपाय आहे. माणसं तोंड न उघडताही फोडतात. "शेवट भारी आहे हां," हेही फोडणंच. मग समोरचा प्रत्येक साध्या माणसावर संशय घेत बसतो. "आता नीट बघ," हे त्याहून वाईट. एखादं पात्र पडद्यावर आल्यावर हळूच खोकणं, खुर्चीत सरसावून बसणं, पत्नीकडे बघून हसणं, यातलं काहीही चालणार नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे सिनेमा सोडून सुनेच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणं, आता दचकेल, मग दचकेल म्हणून. तिला ते कळतं. वडिलांना सोय होती, अंधार होता आणि हात हातात होता. तुमच्याकडे ट्यूबलाइट आहे.

म्हणून मटारचं ताट या वेळी तुम्ही घ्या. पत्नीला मोकळं सोडा, त्यांनी बहुधा 'ज्वेल थीफ' कधी सलग पाहिलेलाच नसेल. खाली मान घालून शेंगा सोला. मटारचा हंगाम नसेल तर लसूण सोला, त्याला जास्त वेळ लागतो. तिने विचारलं, "बाबा, हा कोण?" तर वर न बघता काय म्हणायचं, ते तुम्हाला १९७१पासून माहीत आहे. तो शब्द फारच वडीलधारा वाटला आणि जिभेवर आला नाही, तर दादरच्या त्या माणसाचं उसनं घ्या. 'ज्वेल थीफ'ला ते खोटंही ठरणार नाही. संगीत सचिनदेव बर्मन यांचं आहे, गाणी खरंच मस्त आहेत.